सरळ रांगेत उगवणारं गवत

फ्रिजवरची चिठ्ठी, सासूबाईंच्या अक्षरात: या घरात चिखल, गवत आणि खेकडे हे तीन विषय बंद. कुजबुजलेलंही मला ऐकू येतं.

उपटणी विभागाचा अहवाल, पान तीन: सदर गवत दर पंधरा दिवसांनी त्याच जागी, सरळ रांगेत, बरोब्बर दीड हाताच्या अंतरानं उगवतं. हे साधं गवत नव्हे. याच्यामागे डोकं आहे.

रोपवाटिकेचा तक्ता: लावली ६४०. जगली ०. कारण: खेकडे?

खेकड्यांच्या सापळ्यात सापडलं ते: रबरी बूट एक (डावा), मासा एक, खेकडा एक. खेकड्यापुढे गवत ठेवून पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं.

स्टोअरची वही: लाल झेंडे दिले ६४०. लाल झेंडे परत आले ६४०, धुतलेले. शेरा: सगळ्यांनी सरकारी सामान असं जपलं तर!

परिपत्रक क्रमांक चौदा. विषय: झेंडे. मजकूर चार ओळी. खाली पल्लेदार सही, आणि सहीशेजारी एकच शब्द: वाचले.

*

ही पल्लेदार सही करणाऱ्या माणसाला ऑफिसात सगळे दुर्बीण म्हणायचे. नाव त्यानं स्वतःच पाडून घेतलं होतं. "माझे डोळे म्हणजे दुर्बीण!" असं तो इतक्या वेळा म्हणाला, की लोकांनी शेवटी थकून मान्य केलं.

दुर्बीण हा दलदल कार्यालयाच्या उपटणी विभागाचा प्रमुख. समुद्राला लागून मैलभर चिखल, दिवसातून दोनदा भरतीचं पाणी त्यावर चढतं आणि दोनदा उतरतं. या चिखलात मूळचं एक गवत होतं, शांत स्वभावाचं, जेवढ्यास तेवढं. त्याला सगळे 'घरचं' म्हणायचे. मग कधीतरी कुठल्याशा जहाजाबरोबर दुसरं एक गवत आलं, आणि आलं ते राहिलंच. त्यानं पाण्याच्या वाटा बुजवल्या, चिखलात चोची खुपसून पोट भरणाऱ्या पक्ष्यांची जागा खाल्ली, घरच्याला कोपऱ्यात ढकललं. त्याला सगळे 'पाहुणा' म्हणायचे. पाहुणा उपटायचा, हे दुर्बिणीचं काम. घरचं पुन्हा लावायचं, हे रोपवाटिकेचं काम.

अडचण एवढीच, की गुडघ्याएवढं होईपर्यंत ही दोन्ही गवतं जुळ्या भावांसारखी दिसतात. पाहुण्याच्या बुंध्याला लालसर झाक असते, पण ती बघायला वाकावं लागतं. दुर्बीण वाकत नसे.

"गवताची काय बिशाद आहे माझ्यापासून लपायची!" तो म्हणायचा. "चालत्या गाडीतून ओळखतो मी पाहुणा. पाठमोरा असला तरी ओळखतो!"

"गवताला पाठ असते होय?" त्याच्या पथकातल्या मावशी विचारायच्या. मावशी नोकरीत सर्वांत जुन्या आणि जिभेला सर्वांत धारदार.

"तेच तर! तुम्हाला दिसत नाही. मला दिसते."

खरी गोष्ट अशी, की जिथे लाल झेंडा तिथे उपट, निळा झेंडा तिथे हात लावू नको, असा ऑफिसचा साधा नियम होता. आणि चार नंबरच्या पट्ट्यात दर पंधरा दिवसांनी शेकडो लाल झेंडे लागलेले असायचे. ते कोण लावत होतं? दुर्बिणीला वाटायचं, लंबू लावतो. लंबू म्हणजे पथकातला दुसरा माणूस, सहा फूट तीन इंच, कामाला वाघ आणि विचाराला सुट्टी. लंबूला वाटायचं, मावशी लावतात. मावशींना वाटायचं, साहेबांना एवढे डोळे आहेत तर तेच लावत असतील. विचारलं कुणीच नाही. आयत्या झेंड्यांची चौकशी कोण करतो?

*

आता घराकडे वळू. कारण रोपवाटिकेची प्रमुख ही दुर्बिणीची बायको होती.

नवरा उपटणार, बायको लावणार. एकाच दलदलीत. तुम्ही म्हणाल, मग दोघांची गाठ पडत असेलच की रोज! नाही पडायची. मोठ्या ओहोटीच्या आठवड्यात पाणी लांबवर हटतं, तेव्हा उपटणी. लहान ओहोटीच्या आठवड्यात पाण्याला जोर नसतो, कोवळी रोपं वाहून जात नाहीत, तेव्हा लागवड. एकानं चिखलात जायचं तेव्हा दुसऱ्यानं ऑफिसात कागद करायचे. पायांचे ठसे तेवढे मागे राहायचे, तेही भरती पुसून टाकायची.

आणि घरी? घरी सासूबाई होत्या. बायकोची आई. दोन वर्षांपूर्वी एका रात्री जेवताना दुर्बीण म्हणाला होता, "उपटल्याशिवाय लावणार कुठे? म्हणजे आमचा विभाग आधी!" त्यावर बायको म्हणाली होती, "लावल्याशिवाय उपटून उपयोग काय? उघडा चिखल दिसला की पाहुणा परत हजर!" मग आवाज चढले. त्या भांडणात पाण्याचा जग फुटला, आणि सासूबाईंच्या चष्म्याचं उजवं भिंग कायमचं गेलं. कसं गेलं ते आजतागायत कुणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चिठ्ठी लागली. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर कुणी 'हिरवं' असं नुसतं म्हटलं, तरी सासूबाई चमचा ग्लासवर वाजवायच्या. टिंग!

घर शांत झालं. इतकं शांत, की नवरा दिवसभर काय उपटतो हे बायकोला कळेना आणि बायको काय लावते हे नवऱ्याला!

*

त्या सोमवारी बायकोनं जेवताना चमचा खाली ठेवला.

"उद्या मोठ्या कार्यालयातून बाई येणार आहेत. तपासणीला."

टिंग!

"आई, मी अजून कुठलाच शब्द उच्चारलेला नाही."

"उच्चारणार होतीस. तोंडाचा आकार दिसला मला."

बायको थांबली आणि शब्द चाळून चाळून बोलू लागली. "दोन वर्षं आमच्या... त्या गोष्टी... जगत नाहीत. बाईंनी उद्या ठरवायचंय. आमचं बंद केलं, तर माझी बदली उत्तरेच्या किनाऱ्यावर. सहा तासांचा प्रवास. महिन्यातून एकदा येता येईल."

"जा तू खुशाल," सासूबाई म्हणाल्या. "मी काही इथून हलणार नाही. जावईबापू आणि मी राहू दोघं. रोज सकाळी त्यांना शब्दकोडं वाचून दाखवीन. त्यांना एकही येत नाही, पण ऐकतात छान."

दुर्बिणीच्या हातातला घास ताटात पडला. सासूबाईंमुळे पडला असं त्याला आधी वाटलं. मग त्यानं समोर पाहिलं. बायको ताटाकडे बघत होती, आणि तिच्या नखांत चिखल होता. तिनं या वेळचं बी कुठून आणलं होतं हे ऑफिसातल्या बोलण्यातून त्याच्या कानावर आलं होतं. घरच्या गवताचा दलदलीत शेवटचा एक तुकडा उरला होता, चटईएवढा. त्याच्यासमोर गुडघे टेकून तिनं एकेक दाणा चिमटीत गोळा केला होता. सहाशे चाळीस रोपं. गेल्या आठवड्यात लावली. पुन्हा लावायला बी नव्हतं.

"काळजी करू नकोस तू," दुर्बीण छाती फुगवून म्हणाला. "तुझं ते जे काही आहे, ते मी वाचवतो. शब्द आहे माझा!"

टिंग!

"आता काय झालं, सासूबाई?"

"छाती फुगवलीत की काहीतरी फुटतं. आता भिंग एकच उरलंय."

*

दुर्बिणीची योजना ऐका. नक्षीकाम होतं नुसतं!

बायकोचा पट्टा म्हणजे चार नंबर. तिथली रोपं खेकडे खातात, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. आणि रिकाम्या जागेवर लगेच पाहुणा येऊन बसतो, तोही शिस्तीत, सरळ रांगांत, हे एकट्या दुर्बिणीला ठाऊक होतं. तो याला 'पलटणीचा सिद्धांत' म्हणायचा. सिद्धांतावर अहवाल झाला होता, अहवालावर भाषण झालं होतं, आणि सर्वाधिक उपटणीबद्दल उद्या बाई त्याची बढतीही जाहीर करणार होत्या. मग ठरलं! बाई साडेअकराला येणार. ओहोटी सकाळीच. आठ वाजता आपण चार नंबरमध्ये शिरायचं, पलटण सफाचट करायची, म्हणजे खेकड्यांच्या तावडीतून वाचलेली बायकोची चारदोन रोपं ऐटीत उभी दिसतील. बायकोला काहीच सांगायचं नाही. सांगायची सोयच कुठे होती?

सकाळी आठ. चिखल साबणासारखा. गाडीच्या वाटेत आलेलं थोडं गवत मावशींनी आधी उपटून टोपलीत टाकलं, आणि पथक चार नंबरला पोहोचलं. समोर सहाशे चाळीस कोवळी पाती, सरळ रांगेत. प्रत्येकापाशी एकेक लाल झेंडा.

"बघा!" दुर्बीण ओरडला. "बघा, कशी परेडला उभी आहे! म्हणे गवताला अक्कल नसते!"

"साहेब, या वेळी जरा नाजूक वाटतंय," मावशी म्हणाल्या.

"ढोंग आहे ते!"

"मुळाशी खतमातीचा गोळा आहे."

"घरून डबा घेऊन आलंय! मावशी, शत्रूचं कौतुक पुरे. चला!"

आणि चालले! लंबू उपटत होता जसं काही एखाद्याच्या डोक्यावरचा पांढरा केस दिसलाय. मावशी टोपल्या भरत होत्या. दुर्बीण झेंडे गोळा करून, धुऊन, गठ्ठे बांधत होता. झेंड्यांच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस शोधून सापडला नसता. दहा वाजून पाच मिनिटांनी चार नंबरचा पट्टा गुळगुळीत झाला, नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा.

"पण साहेब," लंबू म्हणाला. हे तो वर्षातून दोनदाच म्हणायचा. "ती वाचलेली चारदोन रोपं कुठायत?"

दुर्बिणीनं पट्ट्यावरून नजर फिरवली. चिखल. तिकडे चिखल. पलीकडेही चिखल.

"खाल्ली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "सगळी खाल्ली खेकड्यांनी. बिचारी!"

डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. खरं पाणी. तेवढ्यात लांबून हाक आली.

*

स्टोअरकीपर चिखलातून येत होता. पँट मांडीपर्यंत गुंडाळलेली, खांद्यावर गठ्ठा. हा माणूस एरवी खुर्चीवरून उठायचा तो फक्त घरी जाण्यासाठी.

"आले!" तो लांबूनच ओरडला. "निळे झेंडे आले एकदाचे! दोन वर्षं मागणी टाकली होती, तपासणी म्हटल्यावर एका रात्रीत आले. बाईसाहेबांना द्या. म्हणावं, बिचारीनं दोन वर्षं लालवर भागवलं, आता घ्या हवे तेवढे निळे."

"कुणी लालवर भागवलं?" दुर्बिणीनं विचारलं.

"तुमच्या घरच्यांनी! निळे संपले होते ना. म्हटलं, लाल घ्या, झेंडा तो झेंडा. त्यांनी लगेच परिपत्रक काढलं, माणूस काळजीचा! 'निळे येईपर्यंत चार नंबरच्या पट्ट्यात लाल झेंडा म्हणजे लागवड समजावी, कुणीही हात लावू नये.' चौदा नंबर. तुमची सही आहे की त्यावर. केवढी मोठी!"

लांब कुठेतरी एक पक्षी चिखलात चोच खुपसत होता, तो थांबला.

मावशींनी टोपलीकडे बघितलं. लंबूनं हातातल्या पात्याकडे बघितलं. दुर्बीण कुठेच बघत नव्हता. त्याच्या डोक्यात दोन वर्षं मागे मागे पळत होती: सरळ रांगा. दीड हात. पंधरा दिवस. धुतलेले झेंडे परत स्टोअरमध्ये, स्टोअरमधून बायकोकडे, बायकोकडून चिखलात, चिखलातून पुन्हा स्वतःच्या हातात!

"म्हणजे पलटण..." तो म्हणाला.

"पलटण नव्हती, साहेब," मावशी म्हणाल्या. "वहिनी होत्या."

*

साडेदहा वाजले होते. बाई साडेअकराला.

"लावा!" दुर्बीण किंचाळला. "मुळं ओली आहेत! सगळं परत लावा!"

"साहेब, आम्ही उपटणीवाले," लंबू घाबरून म्हणाला. "लावायचं कसं?"

"उपटतोस त्याच्या उलट!"

हे वाक्य बोलायला नको होतं. लंबू सांगितलेलं काम शब्दशः करणारा माणूस.

चौघंही चिखलात पालथे झाले. हो, स्टोअरकीपरसुद्धा. त्याला नाही म्हणायला सुचलंच नाही. भोक पाड, रोप खुपस, निळा झेंडा रोव. भोक पाड, रोप खुपस, निळा झेंडा रोव. दोरी आणलेली नव्हती, त्यामुळे रांगा सुरुवातीला सरळ, मग किंचित डावीकडे, मग लग्नाच्या वरातीत नाचणाऱ्या काकांसारख्या कुठेही. दुर्बिणीचा चष्मा चिखलानं भरला. हो, दुर्बिणीला चष्मा होता!

सव्वाअकराला मावशी थबकल्या.

"साहेब, ही टोपली कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"वाटेत उपटलेलं गवत मी हिच्यात टाकलं होतं. तो तर खरा पाहुणा."

"मग कुठाय तो?"

मावशींनी पट्ट्याकडे हात केला. "आहे. इथेच कुठेतरी. निळ्या झेंड्याखाली."

दुर्बीण उपटायला धावला, पण कुठलं उपटणार? चालत्या गाडीतून ओळखणारा माणूस चार पायांवर रांगत एकेका बुंध्याला नाक लावून बघू लागला. आयुष्यात पहिल्यांदा गवत बघायला वाकला, आणि नेमकी त्याच वेळी मागून बायकोची हाक आली: "अहो! तुम्ही इथे काय करताय?"

*

अधिकारीबाई उंचीनं बेताच्या, बोलण्यात त्याहून बेताच्या. हातात फाइल, पायात पांढरे बूट. पांढरे बूट घालून दलदलीत येणाऱ्या माणसाला काय समजवायचं?

बायकोनं पट्ट्याकडे बघितलं. गेल्या आठवड्यात तिनं दोरी धरून सरळ रांगा लावल्या होत्या. लाल झेंडे रोवले होते. आता रांगा वेड्यावाकड्या, झेंडे निळे, नवरा भुवयांपर्यंत चिखलानं माखलेला, आणि स्टोअरकीपर चक्क खुर्चीशिवाय! बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडे बघायची तिची एक खास नजर तयार झाली होती. तिनं ती वापरली.

"छान," बाई म्हणाल्या. "रोपं दिसताहेत तरी. अहवालात शून्य लिहिलं होतं. रांगा वाकड्या का?"

"पाण्याच्या कलानं घेतलंय, मॅडम!" दुर्बीण पुढे सरसावला. "लाटेला आडवं गेलं की लाट रागावते."

बाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. पुढे चालल्या. लंबूच्या रांगेपाशी आल्या आणि थांबल्या.

"याची मुळं वर का आहेत?"

सगळ्यांनी पाहिलं. लंबूची अख्खी रांग. पाती चिखलात, मुळं आकाशात. उपटतोस त्याच्या उलट!

"श्वास घेतात, मॅडम," दुर्बीण म्हणाला.

"कोण?"

"मुळं. दलदलीत काही झाडांची मुळं वर येऊन श्वास घेतात ना, तसं."

"ते झाडांचं. हे गवत आहे."

"शिकतंय, मॅडम!"

मावशींनी पदर तोंडात कोंबला. बायकोनं डोळे मिटून घेतले. अधिकारीबाई वाकल्या, एक रोप दोन बोटांनी धरलं आणि हलकेच वर ओढलं. पुस्तकातली खूण निघावी तसं ते अलगद हातात आलं. मग दुसरं. मग तिसरं. तिसऱ्याचा बुंधा लालसर होता. बाईंनी तो उजेडात धरला आणि मग निळ्या झेंड्याकडे बघितलं.

"आठवडा झाला ना लावून?" त्यांनी बायकोला विचारलं.

"हो."

"एकाही मुळानं जमीन धरलेली नाही. दोन वर्षांचे आकडे शून्य, आणि आता रोपांत तणही शिरलंय. तुमचं म्हणणं, खेकडे उपटतात?"

"तसं वाटतं," बायको म्हणाली. "सापळे लावले. पहारा ठेवला. दुसरं कारण सापडत नाही मला."

"खेकड्यांवर माझ्याकडे इलाज नाही. ही दलदल त्यांचीच." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "रोपवाटिका बंद करावी लागेल. उपटणी मात्र उत्तम चालली आहे. तुमच्या यजमानांची बढती आजच..."

बायकोनं नुसती मान हलवली. खाली वाकली आणि बाईंनी उपटून टाकलेलं एक रोप उचलून तिनं त्याच्या मुळांभोवती तळहातानं ओला चिखल लावला. निघालेल्या पोराला स्वेटर घालावा तसा.

आणि दुर्बिणीच्या आत काहीतरी फुटलं. छाती फुगवलेली नसतानाही!

"खेकडे नाहीत, मॅडम!" तो ओरडला. "खेकडा मी आहे!"

"काय?"

"मी! मीच तो! दर पंधरा दिवसांनी येतो, सगळी रोपं मुळासकट उपटतो, झेंडे धुतो, परत देतो, आणि अहवाल लिहितो! पलटण नाही, सिद्धांत नाही, काही नाही. परिपत्रक न वाचता सही केली. आज सकाळीसुद्धा मीच उपटली, आणि तासाभरापूर्वी परत लावली. तो लंबू उलटी लावत होता, तोही माझ्याच सांगण्यावरून! बढती नको, मॅडम. रोपवाटिका ठेवा. तिची रोपं जगतात की नाही हे कुणालाच माहीत नाही, कारण मी त्यांना कधी जगूच दिलं नाही!"

एवढं बोलून तो मटकन चिखलात बसला.

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "दोन वर्षांत तुम्ही जे उपटलंत, त्यात खरा पाहुणा किती?"

"सुरुवातीच्या दिवसांतला असेल थोडा."

"आणि आजची एक टोपली," मावशींनी भर घातली. "तीसुद्धा आम्ही परत लावली."

"मग ते?" बाईंनी पेन उचलून पलीकडे दाखवलं. पट्ट्याच्या मागे, पाण्याच्या वाटेच्या कडेनं, डोक्याहून उंच गवताची भिंत उभी होती. हिरवीगार, घनदाट, बुंध्याशी लालभडक. दोन वर्षं पथक दुपारचा डबा तिच्याच सावलीत खात होतं.

दुर्बिणीनं भिंतीकडे मान वळवली.

"त्याला झेंडा नव्हता, मॅडम," तो म्हणाला.

*

पुढचं तसं थोडक्यात सांगण्यासारखं. अधिकारीबाईंनी फाइलमधला एक कागद फाडला आणि नवा लिहिला. रोपवाटिकेला आणखी एक वर्ष. उपटणी विभाग आजपासून रोपवाटिकेच्या हाताखाली. उपटणी प्रमुखांनी प्रत्येक परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवायचं, मावशींसमोर. मग बाई निघाल्या. उजवा पांढरा बूट चिखलानं ठेवून घेतला. लंबूनं तो उपटून द्यायचा प्रयत्न केला. त्याला जमलं नाही!

बायको नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. दुर्बीण मान खाली घालून बसलेला.

"दोन वर्षं," ती म्हणाली. "दोन वर्षं मी खेकड्यांना शिव्या देतेय. पहाटे उठून पहारा करतेय. एका खेकड्याची माफी मागायची राहिलीय माझी, माहितेय?"

"मी घरी बोललो असतो गं, पण तो चमचा..."

"भरती यायला पन्नास मिनिटं आहेत," ती म्हणाली. मग बावीस वर्षांत पहिल्यांदा 'तुम्ही' सोडून म्हणाली, "बसलायस काय? ऊठ! मुळं खाली, पाती वर. दीड हात अंतर. दोरी मी धरते."

"आणि पाहुणा कुठला, घरचं कुठलं?"

"वाक आणि बघ."

पाचही जण कामाला लागले. पाणी पहिल्या रांगेला टेकलं तेव्हा चारशे अकरा रोपं जमिनीत होती. त्यांतली किती जगली ते पुढच्या तक्त्यात आलं: एकशे सत्त्याण्णव. कारणाच्या रकान्यात बायकोनं काही लिहिलं नाही. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दोघांचे बूट, चेहरे आणि कपडे आळीपाळीनं एका भिंगातून पाहिले. चमचा उचलला, आणि त्यानं स्वतःच्या चहात साखर ढवळली.

या दोघांची पहिली भेट एका सार्वजनिक बागेत झाली होती. ती तिथे माळीकाम शिकत होती, तो तण काढायला रोजावर आला होता, आणि पहिल्याच दिवशी त्यानं तिचा गुलछडीचा अख्खा वाफा साफ केला होता.